प्रिंट स्पूलर सुरूच होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी या क्रमाने तपासा

प्रिंटरची यादी अचानक रिकामी दिसते. प्रिंट दिल्यावर ‘लोकल प्रिंट स्पूलर सर्व्हिस चालू नाही’ असा निरोप येतो. कधी तर वर्ड किंवा एक्सेल ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन सर्व्हिसेस उपलब्ध नाही’ असं भलतंच काही सांगतं आणि माणूस नेटवर्क तपासत बसतो. विंडोजमध्ये यातलं काहीही दिसलं की पहिला संशय प्रिंट स्पूलर या सेवेवर घ्यायचा, म्हणजे मागे गुपचूप चालत प्रिंट रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणाऱ्या प्रोग्रॅमवर. खात्री हवी असेल तर ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’वर प्रिंट देऊन बघा. तीही निघाली नाही तर दोष केबलचा नाही, टोनरचाही नाही.

इथवर बहुतेकांना माहीत असतं. गोंधळ होतो तो पुढे. सर्व्हिसेस उघडायचं, ‘स्टार्ट’ दाबायचं, चालू झाली की निघून जायचं. परत बंद पडली की स्पूलचा फोल्डर रिकामा करायचा. तेही जमलं नाही की ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, काढून परत टाकायचा, आणि शेवटी फॉरमॅट मारायचा. फॉरमॅटनंतर त्याच पेन ड्राइव्हवरचा तोच जुना ड्रायव्हर परत टाकला जातो, आणि आठवड्याभरात दुखणं परत हजर.

सेवा मुळात सुरूच न होणं आणि सुरू होऊन कोसळणं हे दोन वेगळे बिघाड आहेत. पहिला बहुधा सेटिंगचा असतो, दुसरा बहुधा ड्रायव्हरचा. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून आपल्याकडे कोणता बिघाड आहे हे ठरल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

खालचे टप्पे विंडोज १० आणि ११ साठी आहेत. टाइप करायच्या आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. प्रत्यक्षात ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

## तयारी: हात लावण्याआधी

ॲडमिन खातं. ज्या खात्याने लॉगिन केलंय त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार हवेत. नसतील तर सर्व्हिसेसच्या खिडकीत ‘स्टार्ट’चं बटण फिकटच दिसेल, किंवा ‘ॲक्सेस डिनाइड’ येईल आणि तुम्ही नसलेला बिघाड शोधत बसाल.

रीस्टार्ट, शट डाउन नव्हे. ‘मी दोनदा बंद करून चालू केला’ असं लोक सांगतात. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उचलली जाते. पाटी खऱ्या अर्थाने कोरी होते ती ‘रीस्टार्ट’ने. एकदा ते करा आणि मगच पुढे वाचा.

प्रिंटरची माहिती लिहून घ्या. प्रत्येक प्रिंटरचं नाव, मॉडेल, यूएसबीवर आहे की नेटवर्कवर, नेटवर्कवर असेल तर आयपी पत्ता. स्पूलर बंद असताना विंडोजची यादी रिकामी असते, त्यामुळे आयपी प्रिंटरच्या स्वतःच्या पडद्यावरून किंवा त्याच्या बटणांनी निघणाऱ्या कॉन्फिगरेशन पानावरून घ्यावा लागतो. बिलिंगच्या थर्मल प्रिंटरला कागदाची रुंदी आणि लेबल प्रिंटरला लेबलचं माप वेगळं दिलेलं असतं. ही मापंही टिपून ठेवा, नंतर तीच सापडत नाहीत.

ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. प्रिंटर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, तुमच्या विंडोजच्या आवृत्तीचा. प्रिंटरसोबत आलेली जुनी सीडी बाजूला ठेवा.

रिस्टोअर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजची सेटिंग्ज जिथे परत नेता येतात ती खूण. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधा. पुष्कळ कंप्युटरवर सिस्टम प्रोटेक्शन बंदच असतं, ते आधी चालू करा आणि मग पॉइंट बनवा.

रांगेतल्या प्रिंट जातील हे सगळ्यांना सांगा. प्रिंटर शेअर केलेला असेल तर दुसऱ्या टेबलावरच्यांनाही. मूळ फाइल सेव्ह न करता फक्त प्रिंट दिलेली असेल तर ती आत्ताच सेव्ह करून घ्यायला सांगा.

> तपासा: सी ड्राइव्हवर किती जागा शिल्लक आहे? प्रिंट दिली की तिची फाइल आधी सी ड्राइव्हवर लिहिली जाते आणि तिथून प्रिंटरकडे जाते. ड्राइव्ह गच्च भरलेला असेल तर बाकी सगळं ठीक असूनही प्रिंट निघणार नाही. आधी जागा करा.

## टप्पा १: बिघाड कोणता ते ठरवा

१. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, ‘सर्व्हिसेस डॉट एमएससी’ टाइप करून एंटर करा.

२. यादीत ‘प्रिंट स्पूलर’ शोधा. त्याच्यापुढे ‘रनिंग’ आहे का, ‘स्टार्टअप टाइप’ काय आहे, हे बघा.

३. राइट क्लिक करून ‘स्टार्ट’ द्या.

४. आता थांबा. दोन-तीन मिनिटं काही करू नका, मधूनमधून फक्त एफ५ दाबा. ही खिडकी स्वतःहून ताजी होत नाही. सेवा केव्हाच कोसळलेली असते आणि समोर ‘रनिंग’ तसंच दिसत राहतं. ‘सेवा तर चालू आहे, तरी प्रिंट निघत नाही’ या तक्रारींमागे अनेकदा एवढंच असतं.

यातून तीनपैकी एक गोष्ट होईल:

- लगेच चौकट येते आणि तीत त्रुटीचा आकडा असतो. सेवा सुरूच होत नाहीये. आकडा लिहून घ्या आणि टप्पा २ करून टप्पा ३ कडे जा.
- सुरू होते आणि काही सेकंदांत किंवा पहिली प्रिंट देताच बंद पडते. सेवा कोसळते आहे. टप्पा २ करून थेट टप्पा ४.
- एफ५ दाबूनही ‘रनिंग’च राहते, प्रिंट मात्र निघत नाही. स्पूलर ठणठणीत आहे. प्रिंटर ऑफलाइन, चुकीचा पोर्ट, बदललेला आयपी यांपैकी काहीतरी असेल. हा लेख तुमच्या कामाचा नाही.

> सावधान: सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच सेवांसह चालू होतं त्या अवस्थेत) ही चाचणी करू नका. तिथे १०८४ ही त्रुटी येते आणि तिचा अर्थ इतकाच की ही सेवा सेफ मोडमध्ये चालत नाही. बिघाडाबद्दल ती काहीच सांगत नाही.

## टप्पा २: इव्हेंट व्ह्यूअर वाचा

हा टप्पा सगळे गाळतात, आणि सगळ्यात जास्त वेळ वाचवतो तोही हाच.

इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजमधल्या घडामोडींची नोंदवही. विंडोज आणि आर, मग ‘इव्हेंटव्हीडब्ल्यूआर’. डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’ उघडा. आपल्याला दोन जागा बघायच्या आहेत.

पहिली जागा, ‘सिस्टम’. उजवीकडे ‘फिल्टर करंट लॉग’ देऊन स्रोतात ‘सर्व्हिस कंट्रोल मॅनेजर’ निवडा. इथे क्रमांक महत्त्वाचा:

- ७०००: सेवा सुरू होऊ शकली नाही, कारण खाली दिलेलं असतं.
- ७००१: ती ज्या दुसऱ्या सेवेवर अवलंबून आहे ती सुरू झाली नाही. कोणती, ते नाव तिथेच लिहिलेलं असतं.
- ७००९: वाट पाहण्याची मुदत संपली.
- ७०३१ किंवा ७०३४: सेवा अनपेक्षितपणे बंद पडली. ‘असं इतक्यांदा झालं’ हेही पुढे लिहिलेलं असतं.
- ७०३८: सेवेला लॉगिन करता आलं नाही.

दुसरी जागा, ‘ॲप्लिकेशन’. ७०३१ किंवा ७०३४ दिसलं असेल तरच इकडे या. नेमक्या त्याच वेळेची, क्रमांक १००० ची लाल नोंद शोधा आणि उघडा. तिच्यातल्या दोन ओळी बघायच्या. ‘फॉल्टिंग ॲप्लिकेशन नेम’पुढे ‘स्पूलएसव्ही डॉट ईएक्सई’ असेल, तो आपला स्पूलर. त्याखाली ‘फॉल्टिंग मॉड्यूल नेम’. स्पूलर कोणत्या फाइलवर आपटला ते इथे लिहिलेलं असतं.

हे मॉड्यूलचं नाव वाचताना एक काळजी घ्या. तिथे ‘एनटीडीएलएल’ किंवा ‘कर्नलबेस’ असेल तर त्या विंडोजच्या स्वतःच्या फाइली आहेत. बहुतेक वेळा त्या फक्त पडण्याची जागा असतात, पाडणारा दुसराच असतो. अशा वेळी मागच्या चार-पाच नोंदीही उघडून बघा, एखादीत वेगळं नाव सापडतं. अनोळखी नाव दिसलं तर नोंदीतच खाली त्या फाइलचा पूर्ण पत्ता असतो. त्या फाइलवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘डिटेल्स’. कोणत्या कंपनीची फाइल आहे ते तिथे कळतं. दोन वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या प्रिंटरचं नाव निघालं तर नवल वाटून घेऊ नका. प्रिंटर घराबाहेर जातो, त्याचा ड्रायव्हर घरातच राहतो, आणि स्पूलर सुरू होताना नव्यांसोबत जुन्यांचेही काही भाग उचलतो.

नोंदीतला मजकूर ‘कॉपी’ करून नोटपॅडमध्ये ठेवा. पुढे कोणाला विचारायची वेळ आली तर हाच कागद उपयोगी पडतो. ‘प्रिंटर चालत नाही’ एवढ्यावरून कोणीही काही सांगू शकत नाही.

## टप्पा ३: सेवा सुरूच होत नाही, आकड्याप्रमाणे उपाय

१०५८: सेवा बंद करून ठेवली आहे. प्रिंट स्पूलरवर डबल क्लिक करा, ‘स्टार्टअप टाइप’मध्ये ‘ऑटोमॅटिक’ निवडा, आधी ‘अप्लाय’ दाबा आणि मग ‘स्टार्ट’. ‘अप्लाय’ न देता ‘स्टार्ट’ शोधलंत तर ते फिकटच राहतं आणि माणूस समजतो की उपाय लागू पडला नाही.

पण बंद कोणी केली हेही बघा. जुलै २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेली सुरक्षेची मोठी त्रुटी याच सेवेत सापडली होती. तेव्हा पुष्कळ संस्थांनी, जिथे प्रिंटची गरज नाही अशा सर्व्हरवर आणि कंप्युटरवर, स्पूलर मुद्दाम बंद करून ठेवला. ऑफिसच्या कंप्युटरवर तुम्ही ‘ऑटोमॅटिक’ केलं आणि दुसऱ्या दिवशी परत ‘डिसेबल्ड’ झालं, तर तो बिघाड नसून वरून आलेलं धोरण आहे. आयटीच्या माणसाशी बोला. घरच्या कंप्युटरवर असं होत असेल तर ‘पीसी फास्ट करा’ छापाचं एखादं सॉफ्टवेअर तपासा. अनावश्यक म्हणून सेवा बंद करत सुटणं हा त्यांचा धंदाच असतो.

१०६८: अवलंबून असलेली सेवा सुरू नाही. इथे जरा थांबू, कारण इथे चुकीचे सल्ले फार मिळतात.

स्पूलर दोन गोष्टींवर उभा असतो: ‘रिमोट प्रोसीजर कॉल’ ही सेवा आणि ‘एचटीटीपी सर्व्हिस’. पहिली सर्व्हिसेसच्या यादीत दिसते. तिथे ती ‘रनिंग’ आणि ‘ऑटोमॅटिक’ असायला हवी, आणि तिची बटणं फिकट असणं हे नॉर्मल आहे. ती खरंच बंद असती तर प्रिंटच काय, निम्मं विंडोज चाललं नसतं.

दुसरी या यादीत दिसतच नाही, कारण ती ड्रायव्हरच्या रूपात चालते. म्हणून ती शोधायची तर कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा आणि ‘नेट स्टार्ट एचटीटीपी’ ही कमांड मारा. ‘आधीच चालू आहे’ असं उत्तर आलं तर छान. ती बंद करून ठेवल्याचं उत्तर आलं तर कारण सापडलं. झॅम्पसारखा स्थानिक वेब सर्व्हर टाकताना ८० नंबरचा पोर्ट मोकळा हवा असतो, तेव्हा ‘एचटीटीपी ड्रायव्हर बंद करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. पोर्ट मोकळा होतो, पण प्रिंट बंद पडते. कॉलेजातल्या आणि वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्यांच्या लॅपटॉपवर ही शक्यता आधी तपासा.

दुरुस्तीसाठी रजिस्ट्री एडिटर (विंडोजची सेटिंग्ज जिथे साठवलेली असतात ती रजिस्ट्री बदलायचं साधन; विंडोज आणि आर, मग ‘रेजएडिट’) उघडून ‘एचकी लोकल मशीन’ → ‘सिस्टम’ → ‘करंट कंट्रोल सेट’ → ‘सर्व्हिसेस’ → ‘एचटीटीपी’ इथे जा. ‘स्टार्ट’ या नोंदीची किंमत ४ असेल तर ती ३ करा आणि रीस्टार्ट द्या. वेब सर्व्हरला दुसरा पोर्ट द्या, हा मार्ग जास्त शहाणपणाचा.

तिसरी शक्यता अशी: त्याच ‘सर्व्हिसेस’खाली ‘स्पूलर’ ही की (रजिस्ट्रीतला फोल्डर) उघडा आणि ‘डिपेंड ऑन सर्व्हिस’ ही नोंद बघा. तिच्यात दोनच ओळी हव्यात: ‘आरपीसीएसएस’ आणि ‘एचटीटीपी’. काही प्रिंटरांची सॉफ्टवेअर तिथे आपल्या सेवेचं नाव घुसवतात आणि काढून टाकल्यावर ते नाव तिथेच राहून जातं. मग स्पूलर अस्तित्वातच नसलेल्या सेवेची वाट बघतो. तेवढी जादा ओळ काढा.

> सावधान: रजिस्ट्रीत काहीही बदलण्याआधी त्या कीवर राइट क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ करा आणि फाइल डेस्कटॉपवर ठेवा. आणि ‘आरपीसीएसएस’ची ओळ कोणाच्याही सांगण्यावरून काढू नका.

१०६९: लॉगिन झालं नाही. स्पूलरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लॉग ऑन’ हा टॅब बघा. तिथे ‘लोकल सिस्टम अकाउंट’ हवं. कोणी माणसाचं खातं घातलं असेल आणि नंतर त्याचा पासवर्ड बदलला असेल तर ही त्रुटी येते.

२ किंवा ३: फाइल किंवा पत्ता सापडत नाही. प्रॉपर्टीजमध्ये ‘पाथ टू एक्झिक्युटेबल’ वाचा. सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, स्पूलएसव्ही डॉट ईएक्सई असाच पत्ता हवा. दुसऱ्या कुठल्या फोल्डरचा पत्ता असेल तर व्हायरसचा संशय घ्या आणि पूर्ण स्कॅन करा. पत्ता बरोबर पण फाइल जागेवर नाही, असं असेल तर अँटीव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये बघा आणि टप्पा ६ करा. कुठल्याही संकेतस्थळावरून ही फाइल उतरवून सिस्टम३२ मध्ये टाकू नका.

५: ॲक्सेस डिनाइड. तुम्ही ॲडमिन असूनही येत असेल तर सिस्टम३२ मधल्या ‘स्पूल’ फोल्डरच्या परवानग्या कोणीतरी बदलल्या आहेत. ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये ‘सिस्टम’ या नावाला ‘फुल कंट्रोल’ आहे का बघा.

१०५३: वेळेत उत्तर दिलं नाही. सेवेने ३० सेकंदांत ‘मी उठले’ असं कळवायचं असतं. कंप्युटर चालू होताना जुनी हार्ड डिस्क दमलेली असेल तर हे जमत नाही. पाच-दहा मिनिटांनी हाताने ‘स्टार्ट’ द्या. तेव्हा सुरळीत चालली तर दोष सेवेचा नाही, मंद डिस्कचा. तेव्हाही १०५३ आली तर सुरू होतानाच एखादा ड्रायव्हर तिला अडवून धरतोय, म्हणजे टप्पा ५. रजिस्ट्रीत ही मुदत वाढवण्याचा सल्ला मिळेल. मुदत वाढवल्याने अडवणारा ड्रायव्हर सुटत नाही.

१०६७: प्रक्रिया अनपेक्षितपणे बंद पडली. चौकटीत आकडा असला तरी हे कोसळणंच आहे. पुढचा टप्पा.

## टप्पा ४: रांग रिकामी करा, पण पुरावा ठेवून

१. सर्व्हिसेसमध्ये स्पूलर ‘स्टॉप’ करा. ‘स्टॉपिंग’वर अडकला तर टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये स्पूलएसव्ही निवडून ‘एंड टास्क’ द्या.

२. यूएसबी प्रिंटरची केबल काढा.

३. सी ड्राइव्ह → विंडोज → सिस्टम३२ → स्पूल → प्रिंटर्स हा फोल्डर उघडा. परवानगी विचारली तर ‘कंटिन्यू’.

४. आत ‘एसपीएल’ आणि ‘एसएचडी’ अशा जोड्या दिसतील. एसपीएलमध्ये प्रिंटचा मजकूर, एसएचडीमध्ये त्या कामाची माहिती. या फाइली डेस्कटॉपवरच्या एका नव्या फोल्डरात हलवा. लगेच डिलीट करू नका.

५. स्पूलर ‘स्टार्ट’ करा, एफ५ दाबत दोन-तीन मिनिटं थांबा.

चालू राहिला तर दोष रांगेतल्या एखाद्या कामात होता. हलवलेल्या फाइलींच्या वेळा आणि आकार बघा. सगळ्यात आधीची किंवा अवाढव्य आकाराची फाइल सहसा गुन्हेगार असते, आणि त्या वेळी कोणी काय प्रिंट दिलं होतं ते आठवलं की मूळ दस्तऐवज सापडतो. तो पीडीएफ असेल तर ॲक्रोबॅट रीडरमध्ये प्रिंटच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’ देऊन काढा.

> सावधान: ‘प्रिंटर्स’ फोल्डरच्या आतल्या फाइली हलवायच्या, फोल्डर नव्हे. आणि त्याच्या शेजारच्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरला अजिबात हात लावायचा नाही.

आणखी एक. एसपीएल फाइलीत लोकांचे कागद असतात. झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात आधार कार्ड, पगारपत्रकं, उतारे, काहीही. तपास झाला की डेस्कटॉपवरचा तो फोल्डर कायमचा डिलीट करा. आणि ‘बघा हो काय आहे’ म्हणून त्यातली फाइल कोणाला व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

> तपासा: ‘प्रिंटर्स’ फोल्डर आधीपासूनच रिकामा होता? मग रांगेचा दोष नाही. तो पुन्हा पुन्हा रिकामा करण्यात अर्थ नाही, पुढे चला.

## टप्पा ५: ड्रायव्हर काढा

इथे एक अडचण आहे. ड्रायव्हर नीट काढायला स्पूलर चालू लागतो, आणि आपला तर कोसळतोय. त्यामुळे दोन मार्ग आहेत.

मार्ग अ: केबल काढल्यावर, रांग रिकामी असताना स्पूलर थोडा वेळ तरी टिकतो.

१. सेटिंग्जमधून संशयित प्रिंटर ‘रिमूव्ह’ करा. टप्पा २ मध्ये कंपनीचं नाव मिळालं असेल तर त्याच कंपनीचे, नसेल तर वापरात नसलेले सगळे.

२. स्पूलर ‘रीस्टार्ट’ करा. हे गाळलंत तर पुढच्या पायरीवर ‘ड्रायव्हर इज इन यूज’ असं उत्तर मिळेल. लोक इथेच सोडून देतात.

३. विंडोज आणि आर दाबून उघडणाऱ्या रन खिडकीत ‘प्रिंटयूआय /एस /टी२’ टाइप करा. प्रिंट सर्व्हरच्या प्रॉपर्टीज ‘ड्रायव्हर्स’ टॅबवरच उघडतात. ही युक्ती होम आवृत्तीवरही चालते.

४. ड्रायव्हर निवडा, ‘रिमूव्ह’, आणि दोनपैकी ‘रिमूव्ह ड्रायव्हर अँड ड्रायव्हर पॅकेज’ हा पर्याय घ्या. नुसता ड्रायव्हर काढला तर पॅकेज विंडोजच्या साठ्यात राहतं आणि केबल लावताच तोच ड्रायव्हर परत बसतो. ‘काढून परत टाकला तरी तेच’ या रडगाण्याचं मूळ बहुतेकदा हेच.

५. ‘ॲप्स’मध्ये जाऊन त्या कंपनीची जोड सॉफ्टवेअरही काढा: स्टेटस मॉनिटर, स्कॅन सेंटर, टूलबॉक्स वगैरे.

मार्ग ब: स्पूलर क्षणभरही टिकत नाही. आता रजिस्ट्रीतूनच जावं लागतं. स्पूलर बंद असू द्या. ‘एचकी लोकल मशीन’ → ‘सिस्टम’ → ‘करंट कंट्रोल सेट’ → ‘कंट्रोल’ → ‘प्रिंट’ ही सबंध की आधी एक्स्पोर्ट करा. मग याच क्रमाने बघा:

- ‘एन्व्हायर्न्मेंट्स’ → ‘विंडोज एक्स६४’ → ‘प्रिंट प्रोसेसर्स’. विंडोजचा स्वतःचा म्हणजे ‘विनप्रिंट’, त्याला हात लावू नका. त्याच्याशेजारी प्रिंटर कंपनीची जी नावं असतील त्या की डिलीट करा.
- ‘मॉनिटर्स’. इथे ‘लोकल पोर्ट’, ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’, ‘यूएसबी मॉनिटर’, ‘डब्ल्यूएसडी पोर्ट’ ही विंडोजची मंडळी. कंपनीच्या नावाची किंवा एखाद्या फुकटच्या पीडीएफ प्रिंटरची नोंद दिसली तर ती संशयित. खात्री नसेल तर की उघडून ‘ड्रायव्हर’पुढे कोणती फाइल आहे बघा आणि तिची कंपनी टप्पा २ प्रमाणे तपासा.
- ‘विंडोज एक्स६४’ खालीच ‘ड्रायव्हर्स’ → ‘व्हर्जन-३’. टप्पा २ मध्ये ज्याचं नाव आलं होतं त्या मॉडेलची की.

एका वेळी एकच की काढायची, स्पूलर सुरू करून बघायचं, मग पुढची. चार एकदम काढल्या आणि स्पूलर चालू झाला तर दोष कोणाचा होता ते कळणार नाही. परत प्रिंटर बसवताना तोच परत घालाल. स्पूलर टिकायला लागला की मार्ग अ वर येऊन पॅकेजही काढा.

> तपासा: सगळे बाहेरचे प्रिंटर काढलेत, केबल काढलेली आहे, आणि स्पूलर पाच मिनिटं चालू आहे? ‘प्रिंट टू पीडीएफ’वर एक पान काढा. निघालं तर टप्पा ६ गाळून ७ वर जा.

## टप्पा ६: विंडोजच्या फाइली दुरुस्त करा

बाहेरचं काहीही उरलेलं नाही तरी स्पूलर उभा राहत नाही, किंवा फाइलच जागेवर नाही, अशा वेळीच हा टप्पा. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी ‘डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’, ती पूर्ण झाल्यावर ‘एसएफसी /स्कॅननाउ’. क्रम उलटा करू नका. एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली उचलते तोच साठा डीआयएसएम दुरुस्त करते. पहिल्या कमांडला इंटरनेट लागतं आणि ती एखाद्या टक्क्यावर बराच वेळ थांबलेली दिसते. खिडकी बंद करू नका. शेवटी रीस्टार्ट.

## टप्पा ७: प्रिंटर एकेक करून परत बसवा

सगळे प्रिंटर एका दमात परत लावले की आतापर्यंतची मेहनत पाण्यात. रोजच्या गरजेचा एक प्रिंटर घ्या. उतरवून ठेवलेला ड्रायव्हर टाका, विचारलं तेव्हाच केबल लावा. टेस्ट पेज काढा, मग नेहमीच्या सॉफ्टवेअरमधून एक खरी प्रिंट काढा. सर्व्हिसेसमध्ये एफ५. अर्धा दिवस त्यावर काम करा आणि मगच दुसरा प्रिंटर.

नेमका दोषी प्रिंटरच हवा असेल आणि त्याचा नवा ड्रायव्हर कंपनी देत नसेल, तर विंडोज प्रो आवृत्तीत एक सोय आहे. ‘प्रिंट मॅनेजमेंट’ उघडून ‘ड्रायव्हर्स’मध्ये त्या ड्रायव्हरवर राइट क्लिक करा आणि ‘सेट ड्रायव्हर आयसोलेशन’ → ‘आयसोलेटेड’ द्या. मग तो वेगळ्या प्रक्रियेत चालतो. कोसळला तर एकटा कोसळतो, स्पूलर आणि बाकीचे प्रिंटर चालू राहतात. लेबलच्या किंवा पासबुकच्या जुन्या प्रिंटरसाठी हे फार उपयोगी आहे. सगळेच ड्रायव्हर या रचनेत नीट चालतात असं नाही, त्यामुळे लावल्यावर एक खरी प्रिंट काढून बघाच.

शेअर केलेला प्रिंटर असेल आणि तुमची प्रिंट निघते पण दुसऱ्या कंप्युटरवरून निघत नाही, तर ग्रुप पॉलिसीतलं (विंडोजवर धोरणं लादायच्या सेटिंग्जमधलं) ‘अलाउ प्रिंट स्पूलर टू ॲक्सेप्ट क्लायंट कनेक्शन्स’ बघा. ते बंद असेल तर बाहेरच्या प्रिंट स्वीकारल्या जात नाहीत. बदल केल्यावर स्पूलर रीस्टार्ट करावा लागतो. आणि ऑगस्ट २०२१ च्या अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला ॲडमिनचा पासवर्ड मागितला जातो, तोही बिघाड नव्हे.

## टप्पा ८: रिकव्हरी टॅब

स्पूलरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रिकव्हरी’ टॅब असतो. ‘फर्स्ट’, ‘सेकंड’ आणि ‘सबसीक्वेंट फेल्युअर’ या तिन्हींना ‘रीस्टार्ट द सर्व्हिस’ आणि ‘रीसेट फेल काउंट’ १ दिवस ठेवा. बरेच जण हे अगदी सुरुवातीला करतात. मग सेवा दर थोड्या वेळाने कोसळते, आपोआप उठते, मधल्या प्रिंट अडकतात, आणि बिघाड आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून हे सगळ्यात शेवटी.

नवीन ड्रायव्हरवर आठवडाभर काम झालं की इव्हेंट व्ह्यूअरच्या ‘सिस्टम’मध्ये सर्व्हिस कंट्रोल मॅनेजरच्या नोंदी पुन्हा एकदा चाळा. प्रिंट स्पूलरच्या नावाने ७०३१ एकदाही नसेल तर डेस्कटॉपवरच्या रजिस्ट्रीच्या एक्स्पोर्ट फाइली डिलीट करायला हरकत नाही. दिसलीच, तर त्याच वेळेची १००० क्रमांकाची नोंद उघडा आणि टप्पा ५ मार्ग अ पासून परत सुरू करा, या वेळी फक्त त्या एका प्रिंटरपुरतं.